निहारला चालेल असं इटालियन

सोलापूर सोडलं त्या दिवशी आईने माझ्या बॅगा तीन वेळा सोडून पुन्हा बांधायला लावल्या. शेंगाच्या चटणीचा डबा कपड्यांच्या मधोमध बसला पाहिजे, झाकण सुटलं तरी तेल माझ्या सर्टिफिकेटांना लागता कामा नये, असा तिचा आग्रह. दीड वर्षांचा निहार सुजाताच्या खांद्यावर झोपला होता. रिक्षा दारात येऊन थांबली. आई फाटकापर्यंत आली, पुढे आली नाही. स्टँडवर जाऊन रडणाऱ्या बायका तिला आवडत नाहीत. तिने निहारच्या तळपायाला हात लावला आणि मला बजावलं, "बाहेरचं खाऊ नका. घरचं खाल्लं की लेकराला काय होत नाही."

तुमच्यापैकी जे मागे राहिले त्यांनी प्रत्येकाने निघणाऱ्याला हे असंच काहीतरी सांगितलं असेल, आणि जे निघाले त्यांनी मान डोलावली असेल. मीही डोलावली.

मी इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये नोकरी लागली होती. घर मात्र पुंगोलला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, कारण तिथे भाड्याने फ्लॅट मिळाला आणि खाली मुलांना खेळायला जागा होती. सकाळी अंधारात एलआरटीची छोटी गाडी, मग एमआरटी म्हणजे मेट्रो, मग कंपनीची बस, पास दाखवायचा, आणि प्लांटच्या गेटवर मोबाईल लॉकरमध्ये टाकायचा. आत फोन न्यायला बंदी. पहिले सहा महिने मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटायचं, दिवसभर कुणी फोन करत नाही म्हणून.

निहार दोन वर्षांचा झाला होता. एकादशीला सुजाताने साबुदाण्याची खिचडी केली, दाण्याचं कूट घालून, जशी आपण सगळे करतो. सोलापुरात त्याला आम्ही दाणे दिले नव्हते, घशात अडकतील म्हणून. अधूनमधून त्याच्या ओठांभोवती लाल पुरळ यायचं, तेव्हा आई म्हणायची उष्णता आहे आणि खोबरेल तेल लावायची. त्या दिवशी त्याने खिचडीचे चार घास खाल्ले.

संध्याकाळी लॉकरमधून फोन काढला तर सुजाताचे सतरा मिस्ड कॉल. शेवटी एक मेसेज होता, हॉस्पिटलचं नाव आणि वॉर्ड. बाकी काही नाही. जुरोंगहून हॉस्पिटलपर्यंत मला दीड तास लागला. त्या दीड तासात मी काय काय मनात आणलं ते मी आजवर सुजातालाही सांगितलेलं नाही. पोचलो तेव्हा निहार पलंगावर बसून नर्सने दिलेल्या कागदी कपाशी खेळत होता. सुजाता भिंतीला टेकून उभी होती. शेजारच्या मलय बाई तिच्याबरोबर अॅम्ब्युलन्समधून आल्या होत्या, त्या अजून घरी गेल्या नव्हत्या.

"त्याचा श्वास लागत होता," सुजाता म्हणाली. "मी तुला फोन करत बसले. आधी अॅम्ब्युलन्सला करायला हवा होता."

शेंगदाण्याची अॅलर्जी. डॉक्टरांनी इंजेक्शनचं एक पेन दिलं, मांडीवर कसं टोचायचं ते दाखवलं आणि सांगितलं की हे कायम बरोबर ठेवायचं. घरी आल्यावर आम्ही कूट फेकलं, आईची चटणी फेकली, मिक्सरचं भांडंसुद्धा फेकलं. चटणी फेकताना सुजाता थांबली होती, म्हणून ते मी केलं. प्लांटच्या कंट्रोल रूमचा नंबर लिहून फ्रिजवर चिकटवला. आईला फोनवर सांगितलं, निहारला जरा सर्दी झाली होती. खरं सांगायला मला दोन महिने लागले. ती म्हणाली, "शेंगानं? सोलापूरच्या पोराला?"

घरात निभावलं. बाहेर पडायची पंचाईत झाली. आम्ही आल्यापासून हॉकर सेंटरवर, म्हणजे एका छपराखालच्या स्वस्त स्टॉलांवर, जेवत होतो, आणि आता तिथे पाहावं तिकडे मला दाणेच दिसायला लागले. काडीवर भाजलेल्या सातेच्या सॉसमध्ये दाणे, रोजाकच्या सॅलडवर दाणे, आणि जिथे ते दिसत नाहीत तिथे तीच कढई, तीच पळी. स्टॉलवरच्या काकांना विचारलं तर ते "कॅन, कॅन" म्हणायचे, आणि त्या "कॅन"चा अर्थ आम्हाला कळायचा नाही. लिटिल इंडियात तर आमची हिंमतच होईना. वर्षभर आम्ही मित्रांच्या घरी गेलो नाही, की कुणाचं वाढदिवसाचं आमंत्रण घेतलं नाही. नोव्हेनाच्या अॅलर्जी क्लिनिकमधली नर्स एकदा म्हणाली, इटालियन बघा. त्यांचं तेल ऑलिव्हचं असतं, टोमॅटो, मैदा, चीज. तरी विचारून खा.

त्या 'तरी विचारून'मध्ये माझे कितीतरी शनिवार गेले. मी एकटा जायचो. आधी स्वतः खाऊन बघायचं, किचन दिसेल अशा टेबलावर बसायचं. मरिनाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात शेफ बाहेर येऊन माझ्याशी अदबीने बोलला, आणि त्याच्या मागच्या टेबलावर आइस्क्रीमवर कुटलेले दाणे भुरभुरत होते. मॉलमधल्या एका ठिकाणी वेटर म्हणाला, "आय थिंक ओके, सर." तो 'थिंक' ऐकून मी पाणी पिऊन उठलो. एका ठिकाणी सगळं ठीक होतं, पण पुढच्या महिन्यात गेलो तर आचारी बदललेला. मी इतके प्रश्न विचारायचो की मलाच माझी लाज वाटायची. सुजाता म्हणायची, "तू जेवायला जात नाहीस, सेफ्टी ऑडिटला जातोस." तिचं खरं होतं. आपला मुलगा बाहेर बसून एक प्लेट पास्ता खाईल, एवढ्यासाठी मी अख्खं शहर पालथं घालत होतो.

मे नावाच्या बाईचं हॉटेल सापडलं ते एका जुन्या हाउसिंग ब्लॉकच्या खाली. सहा टेबलं. मे स्वतः स्वयंपाक करायची. पन्नाशीची चिनी बाई, तरुणपणी कुठल्याशा मोठ्या हॉटेलात इटालियन शेफच्या हाताखाली शिकलेली. सगळे तिला आंटी मे म्हणायचे. मी माझे प्रश्न विचारले. तिने हात पुसले, आत गेली, फ्रिज उघडून बघितला आणि परत येऊन म्हणाली, "टुडे कॅनॉट. स्टाफच्या जेवणात पीनट सॉस आहे. गुरुवारी ये, मी सगळं धुऊन ठेवते."

इतक्या हॉटेलांत मला 'आज नाही' म्हणणारी ती पहिली. गुरुवारी मी रजा टाकली. निहारने टोमॅटोचा पास्ता खाल्ला, सॉस गालाला, कोपराला, खुर्चीला. सुजाताने पहिल्यांदाच त्याच्या प्रत्येक घासाकडे न बघता स्वतःचं जेवण संपवलं. मला ते जमलं नाही, मी बघतच होतो. पण तेव्हापासून पंधरा दिवसांतून एकदा आम्ही तिथे जाऊ लागलो. बाहेर जाणं म्हणजे मेकडे जाणं.

निहार चार वर्षांचा असताना आई पहिल्यांदा सिंगापूरला आली. विमानतळावरच मी तिला विचारलं, "शेंगाचं काही नाही ना आणलं?"

"नाही रे बाबा. एक दाणा नाही," ती म्हणाली. ती दुखावली होती. मी तिच्या बॅगाही घरी येऊन तपासल्या. बेसनाचे लाडू, कडक भाकरी, तिळाच्या वड्या. दाणा नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात रविवारी दुपारी मी आईला आणि निहारला मेकडे घेऊन गेलो. सुजाताला तोवर नोव्हेनाच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली होती, त्या दिवशी तिची ड्युटी होती. आई समोरच्या काट्याचमच्याकडे बघत बसली होती. जेवण यायला वेळ होता. मी मेशी बोलायला काउंटरवर गेलो, दोन मिनिटं, जास्त नाही. जेवण आलं. निहारने दोन घास घेतले आणि खोकायला लागला. मग मान खाजवायला लागला.

"बाबा, माय थ्रोट इज इची," तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. बघता बघता वरचा ओठ सुजला.

मी मेवर ओरडलो. माझा मुलगा समोर गुदमरत होता आणि मी त्या बाईवर ओरडत होतो, भर हॉटेलात, इंग्रजीत. तू शब्द दिला होतास, तुझ्यावर विश्वास ठेवला, काय घातलंस त्यात. मे धावत आली. माझ्या पाठीवरची सॅक तिनेच ओढली आणि म्हणाली, "पेन फर्स्ट. स्कोल्ड मी लेटर."

पेन माझ्या हातात होतं, आणि ते कसं उघडायचं ते मला आठवेना. रोज प्लांटमध्ये मी इतरांना आणीबाणीचं प्रशिक्षण देतो. मेने निहारला मांडीवर घट्ट धरलं. मी टोपण काढलं आणि पँटवरूनच त्याच्या मांडीत पेन दाबलं. तो किंचाळला. त्या किंकाळीने मला धीर आला, कारण किंचाळायला श्वास लागतो.

अॅम्ब्युलन्सची वाट बघत असताना आई माझ्याजवळ आली. तिने माझी बाही धरली. "त्या बाईला बोलू नको," ती म्हणाली. "मी दिली. तिळाची वडी. भूक लागली म्हणत होता. शेंगा नव्हत्या रे त्यात. त्याच्यासाठी म्हणून मी शेंगा न घालता केल्या होत्या."

हॉस्पिटलमध्ये निहारचा श्वास तासाभरात मोकळा झाला. डॉक्टरांनी विचारलं, तीळ कशात दळले? मी आईला मराठीत विचारलं.

"मिक्सरात. घरच्या."

"त्यात कूट करतेस?"

"रोज," आई म्हणाली. मग तिला समजलं. ती रडली नाही. नुसती निहारच्या पलंगाकडे पाठ करून बसली, संध्याकाळपर्यंत. सुजाता आली, तिने सगळं ऐकलं आणि आईशेजारी जाऊन बसली. मला वाटलं होतं ती चिडेल. नंतर मला म्हणाली, "खिचडी मी केली होती. मी कुणाला बोलू?"

मेची माफी मागायला मी गुरुवारी निघालो तर आई चप्पल घालून दारात उभी. मेसमोर तिने हात जोडले आणि मराठीत बोलत राहिली, एका दमात. मे आंटीला एक अक्षर कळलं नसणार. तिने आईचा हात धरून तिला किचनमध्ये नेलं. भिंतीवर एक छोटं पातेलं वेगळं टांगलं होतं, दांड्याला निळी चिकटपट्टी लावलेलं. ते निहारचं. वर्षभर आम्ही तिथे जेवत होतो आणि हे मला माहीत नव्हतं. आई त्या पातेल्याकडे बघत राहिली.

"हिला विचार," ती मला म्हणाली, "एवढं कशाला करते?"

मी विचारलं. मेने खांदे उडवले. "युअर बॉय फिनिशेस एव्हरीथिंग ऑन द प्लेट," ती म्हणाली.

आई परत गेली. मी मात्र सोलापूरला जायचं पुढे ढकलत राहिलो. प्लांटचं वार्षिक दुरुस्तीचं शटडाऊन आहे, निहारची शाळा आहे, अशी कारणं सांगायचो. खरं कारण असं की ज्या गावात मी वाढलो तिथे माझ्या मुलाला कसं घेऊन जायचं हे मला कळत नव्हतं. तिथे प्रत्येक घरातून भाजलेल्या शेंगांचा वास येतो. ज्या वासाने मी लहानपणी अभ्यासावरून उठायचो, तो वास आला की आता मी खिशातलं पेन चाचपायचो.

शेवटी निहार सहा वर्षांचा असताना गेलो. दोन पेनं बरोबर, जवळच्या हॉस्पिटलचा रस्ता पाठ केलेला. आईने महिनाभर आधी घरात शेंगा आणणं बंद केलं होतं. मिक्सर नवा, पोळपाट नवा, डबे नवे. तरी पंधरा दिवस निहार घराबाहेर फारसा पडला नाही. वरणभात, दही, आईच्या हातच्या ज्वारीच्या भाकरी. आठव्या दिवशी तो मला म्हणाला, "बाबा, घरी कधी जायचं?" त्याचं घर म्हणजे पुंगोल. आई शेजारी तांदूळ निवडत होती. तिने ऐकलं. ती म्हणाली, "जाशील हो," आणि निवडत राहिली.

मला कुणी विचारलं की तुझं घर कुठलं, तर मी पटकन उत्तर देत नाही. निहारला घेऊन बिनघोर जेवायला बसता येईल अशी जागा मला अजून कुठेच मिळालेली नाही, आणि बहुतेक मिळणार नाही. पण माझ्याआधी कुणीतरी काळजी करून ठेवलेली असते, अशा दोन जागा आहेत. एकीत मी जन्मलो. दुसरीत सहा टेबलं आहेत. त्यांच्यामध्ये समुद्र आहे, आणि मी दोन्हीकडे धास्तावलेलाच असतो, पण एकटा नसतो.

सोलापूरहून निघायच्या आदल्या दिवशी माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. पंगतीत कूट असणारच, म्हणून आम्ही तिघं गेलो नाही. आई एकटी गेली, आहेर दिला, पंगतीला बसली. दुपारी परत आली ती थेट मोरीत. निहार "आजी, आजी" करत मागे धावला तर तिने आतून कडी लावली. चूळ भरल्याचा आवाज आला, दोनदा, तीनदा. मग बादली. लग्नाची साडी बाहेरच्या दोरीवर टाकून, साधं पातळ नेसून, ओल्या केसांनी ती बाहेर आली आणि खाली बसून तिने हात पसरले.

"आजी, यू आर सो वेट लाह," निहार त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली आणि त्याचा पापा घेतला.