पेटी विकली, तीही फौजदाराला

मी भित्रा माणूस आहे. हे मी विनयानं वगैरे सांगत नाही. बिदरच्या मैलूर भागात कुणालाही विचारा, पत्ता सांगावा तसं सांगतील. हायस्कुलात वीस वर्षं गणित शिकवतोय, पण तपासणीला अधिकारी आले की खडू माझ्या हातातच मोडतो. लाइटबिल द्यायला माणूस आला तरी मी आधी ‘आमचं काही चुकलं का?’ असं विचारतो. अशा माणसानं इंटरनेटवर जुनी पेटी विकायला काढू नये. मी काढली!

पेटी म्हणजे हार्मोनियम, आमच्या अप्पांची. अप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर बसडेपोत मेकॅनिक होते आणि डेपोतून आले की हात धुऊन पेटीवर बसायचे. आता त्यांचे हात थरथरतात. एक दिवस तेच म्हणाले, ‘‘माझी पेटी इकून टाक. नुस्ती पडून हाय. वाजवणाऱ्याच्या घरी तर जाईल.’’ मी मान डोलावली. अडचण एवढीच होती, की घरात पेट्या दोन होत्या.

दुसरी पेटी गायन मंडळाची. औराद तालुक्यातून इकडं येऊन राहिलेल्या आम्हा तीस बौद्ध कुटुंबांचं हे मंडळ. जयंती असो, लग्न असो, बारसं असो, भीमगीतं म्हणायला हेच. पेटी सगळ्यांच्या वर्गणीतून घेतलेली, म्हणून ती कायमची कुणाच्याच घरी राहत नाही. एका बुद्धपौर्णिमेपासून दुसऱ्या बुद्धपौर्णिमेपर्यंत ती एका घरी असते. याला आमच्यात ‘पेटीची पाळी’ म्हणतात. वर्ष संपलं की सगळं मंडळ त्या घरी येतं, खीर खातं, पेटीचा एकेक सूर तपासून घेतं आणि ती पुढच्या घरी नेतं. आजवर कुणाच्या पाळीत एक सूरही बिघडला नव्हता. यंदा पाळी आमची होती.

दोन्ही पेट्या दिसायला अगदी सारख्या. कारण मंडळाची पेटी अप्पांनीच पसंत केली होती आणि अप्पांची पसंती आयुष्यात कधी बदललेली नाही. (आमच्या घरातल्या सगळ्या भिंती चाळीस वर्षं पिस्ता रंगाच्या आहेत.) ओळखायची खूण एकच, ती म्हणजे खोळ. मंडळाच्या पेटीला निळी खोळ, अप्पांच्या पेटीला माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची. मी फोटो काढायचा म्हणून दोन्ही पेट्या बाहेर काढल्या, पुसायच्या म्हणून दोन्ही खोळी काढल्या, पुसून झाल्यावर दोन्ही परत घातल्या. गणिताचा मास्तर मी, दोनच वस्तू आणि दोनच खोळी, आणि तरीही उत्तर चुकलं.

जाहिरात टाकली आणि फोन थरथरायला लागला, म्हणजे मीही. पहिल्या दिवशी बावीस जणांनी ‘आहे का?’ असं विचारलं. मी ‘आहे’ म्हटलं की ते कायमचे गायब व्हायचे. एकानं पेटीच्या बदल्यात दोन शेळ्या देऊ केल्या. एकानं आपण सैन्यात असल्याचं कळवलं आणि पैसे पाठवतो म्हणून एक चौकोनी चित्र धाडलं, ते स्कॅन करा म्हणाला. मी घाबरून फोनच बंद केला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. (फोन भिजला की तांदळात ठेवतात हे माहीत आहे. घाबरल्यावर कुठं ठेवतात हे कुणी सांगितलेलं नव्हतं.) बायको म्हणाली, तुम्ही पेटी विकायलाव का बॉम्ब?

शेवटी रविवारी सकाळी एक खरं गिऱ्हाईक दारात आलं. सहा फूट उंची, पिळदार मिशा, दारात जीप. बसवकल्याणकडच्या कोहिनूर गावाहून आलोय म्हणाले. घासाघीस केली नाही, पेटी वाजवून पाहिली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, आपण रिटायर्ड फौजदार आहोत. मी न विचारताच आधार कार्ड पुढं केलं. चोरीचा माल नाही ना, असं त्यांनी विचारलं आणि खिशातून मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. नोकरीतली सवय आहे, जबानी घेतल्याशिवाय आपण भाजीसुद्धा घेत नाही म्हणाले. मी कॅमेऱ्यात माझं नाव सांगितलं, अप्पांचं सांगितलं, आणि पेटी कुणाची या प्रश्नाला ‘माझी... म्हणजे आमची... म्हणजे अप्पांची’ अशी तीन उत्तरं दिली. अप्पा तेव्हा बाजारात गेले होते. पेटी जीपमध्ये चढली, जीप गेली, आणि मी दोन तांबे पाणी प्यालो.

मंगळवारी दुपारी शाळेत उन्हाळी वर्ग चालू असताना त्यांचा फोन आला.

‘‘मास्तर, पेटी साफ करायला वरची फळी काढलो. आत तीस जणाची नावं रंगवल्यात. एक तुमच्या अप्पाचं हाय. बाकीचे एकोणतीस कोण?’’

मी नुसतं ‘हॅलो, हॅलो’ करत राहिलो. पेटीच्या आत वर्गणीदारांची नावं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. कारण आत झुरळं असतील या भीतीनं मी ती फळी जन्मात उघडली नव्हती.

‘‘घाबरू नका,’’ फौजदार म्हणाले. ‘‘नुस्तं येऊन जावा.’’

आता पोलिसातला माणूस ‘नुस्तं येऊन जावा’ म्हणतो त्याचा अर्थ आमच्या जिल्ह्यात लहान लेकराला कळतो. मी उरलेले दोन तास सातवीला त्रिकोणाचे तीन कोन शिकवत होतो आणि फळ्यावर चार काढत होतो. घरी येऊन निळी खोळ काढली, झुरळांचा विचार न करता फळी उघडली. आत एकही नाव नाही, म्हणजे ही अप्पांची पेटी. मंडळाची पेटी कोहिनूरला, पौर्णिमा शुक्रवारी!

बायकोला सगळं सांगितलं आणि अप्पांना यातलं काही कळू द्यायचं नाही म्हणून बजावलं. ती बरं म्हणाली आणि माझ्याकडं टक लावून बघत राहिली. मला ती सहानुभूती वाटली.

इथं एक खरं सांगतो. फौजदाराची भीती होतीच, पण ती पोटातली होती. लिंबूसरबत घेतलं की थोडी उतरायची. अप्पांची भीती तशी नव्हती. त्यांनी उभ्या जन्मात कुणाचा स्क्रू उसना घेतला तरी परत दिलेला. आता खिरीच्या वाट्या हातात घेतलेल्या तीस घरांसमोर त्यांना खाली मान घालून ‘पेटी न्हाई’ म्हणावं लागणार, तेही माझ्यामुळं. ते चित्र डोळ्यांपुढं आलं की घास गिळवत नव्हता.

तरी मी लगेच कोहिनूरला गेलो असं समजू नका. बुधवारी मी ताप आल्याचं सोंग केलं. गुरुवारी तो खरोखरच आला. शुक्रवारी पहाटे मात्र दुसरा उपायच उरला नाही. अप्पांची पेटी निळ्या खोळीसकट काखेत मारली, आणि भाता सैल झालाय, दुरुस्त करून संध्याकाळच्या आत आणतो, असं अप्पांना सांगितलं. अप्पांनी पेपरातून डोकं वर काढलं. ‘‘ने,’’ म्हणाले. ‘‘घाईघाईत जाऊ नको. जेवून जा.’’ एवढ्या मायेनं ते बोलले की मला रडूच आलं. बसवकल्याणची बस मिळाली. मांडीवर पेटी, पेटीवर हनुवटी. रस्त्यात खाकी कपड्यातला प्रत्येक माणूस मलाच शोधतोय असं वाटत होतं, त्यात दोन पोस्टमन होते.

कोहिनूरला फौजदारांनी मला अंगणात बाजेवर बसवलं, समोर खुर्ची टाकून स्वतः बसले आणि म्हणाले, ‘‘आता सगळं सांगा.’’ मी सगळं सांगितलं. खोळींचा घोळ सांगितला, मंडळ सांगितलं, पाळी सांगितली. ते तरीही गप्पच. मग मी न विचारलेलंही सांगायला लागलो. शाळेतली खडूची एक पेटी घरी नेली होती ते सांगितलं. बारावीला शेजारच्याचं एक प्रमेय बघून लिहिलं होतं ते सांगितलं. तिसऱ्या गुन्ह्यावर आलो तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

तेवढ्यात त्यांच्या बायकोनं चहा आणला. मी पेटी परत न्यायला आलोय हे ऐकल्यावर ती बाई इतकी खूश झाली, की आत जाऊन माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली. पाच दिवस झाले, म्हैस धड पान्हा सोडेना, घेऊन जावा बाबा, म्हणाली. मग मी निळ्या खोळीतली दुसरी पेटी पुढं केली, बदली म्हणून. बाईचा चेहरा पडला. लाडवांची ताटली मात्र तिनं उचलली नाही, हा तिचा मोठेपणा.

फौजदारांनी अप्पांची पेटी मांडीवर घेतली, एक सूर दाबून धरला आणि कितीतरी वेळ ऐकत बसले. ‘‘मास्तर,’’ म्हणाले, ‘‘तीस वर्षं मी जाईल तिथं माणसं गप व्हायलीत. म्हणून म्हणलो, आता आपणच आवाज करावं.’’ मी आणखी एक लाडू घेतला.

परतीची बस चुकली होती. सोडतो म्हणाले. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. अशा रीतीनं पौर्णिमेच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मैलूरच्या भर गल्लीत एका जीपमधून मी उतरलो. माझ्या हातात पेटी आणि माझ्या मागं मिशावाला फौजदार. गल्लीतली दोन दारं पटकन लागली आणि लगेच हळूच उघडली.

घरात सगळं मंडळ जमलेलं. खीर चालली होती. मी आत पाऊल टाकलं तसा वाट्यांचा आवाज थांबला. मंडळाचे म्होरके दशरथकाका मला बघून अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘आलास व्हय? बस, आधी पाणी पी.’’

मी बसलो नाही. कुणी विचारायच्या आत माझ्या तोंडाचा नळ सुटला. भात्याला भोक पडलं होतं म्हणालो. कारागीर फार लांबचा होता म्हणालो. भात्याचं चामडं सोलापूरहून मागवावं लागलं, ते आधी चुकीच्या मापाचं आलं, मग परत पाठवलं, हेही म्हणालो. कारागीर कोण, असं कुणीच विचारलं नाही, तरी मी फौजदारांकडं बोट दाखवलं. फौजदारांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा खिरीकडं बघितलं आणि म्हणाले, ‘‘व्हय, मीच शिवलो.’’ तीस घरांची माणसं गंभीरपणे माना हलवत होती. चामडं कोणत्या जनावराचं, असं एका काकूनं विचारलं तेव्हा मी उंटाचं म्हणालो. त्यावरही कुणी हूं की चूं केलं नाही.

सूर तपासून झाले. सगळे जागच्या जागी. फौजदारांना दोन वाट्या खीर मिळाली आणि दर रविवारी शिकायला यायचं आमंत्रणही मिळालं. पेटी पुढच्या घरी गेली. मी जिंकलो होतो! तरीपण अप्पा एकटेच ओट्यावर बसलेले दिसले आणि माझ्याच्यानं राहवेना. इतका सरळ माणूस, आणि त्याच्यासमोर मी उंटापर्यंत गेलो होतो. शेजारी जाऊन बसलो. अप्पा, एक सांगायचं होतं, म्हणालो.

‘‘पेटीचं का?’’ अप्पा म्हणाले. ‘‘मला ऐतवारीच कळलं. सांजच्याला खोळ काढून बोट ठेवलो. हात कापत असतील, कान कुठं कापायलेत?’’

‘‘मग तुम्ही बोलला कामून नाही?’’

‘‘बोललो की. सोमवारी एकोणतीसबी घरी जाऊन आलो. माझ्या पाळीत झालंय, चूक माझी हाय म्हणलो. न्हाई मिळाली तर नवी घेऊन देतो म्हणलो.’’

मी ज्या गोष्टीच्या भीतीनं मंगळवारपासून धड जेवलो नव्हतो, ती अप्पा सोमवारीच करून आले होते. एकटेच, पायी, थरथरत्या हातांनी एकोणतीस दारांच्या कड्या वाजवून. अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

‘‘अन् एक सांगितलो सगळ्याला. आमच्या पोराला कुणी वरडू नका. त्यो लई भेतो.’’

म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. बायकोला तर आम्ही दोघांनीही, एकमेकांना सांगू नको असं बजावून, वेगवेगळं सांगितलं होतं. सोलापूरचं चामडं आणि उंट तीस घरांनी खिरीबरोबर मुकाट गिळले, ते केवळ माझी छाती धडधडू नये म्हणून! आज माझं वय सेहेचाळीस आहे, मिशी निम्मी पिकली आहे. आणि अजूनही मी मंडळात गेलो की ढोलकीवाला आधी माझ्याकडं बघतो, ‘‘मास्तर, आता वाजवायलो बरं का,’’ असं हळूच सांगतो आणि मगच पहिली थाप मारतो.