माझ्या नवऱ्याचा बडी

भास्करभाऊ अमडापूरहून एसटीने लोणारला आमच्याकडे आले, की चपला काढून सरळ माझ्या नवऱ्यासमोर बसायचे आणि म्हणायचे, "विलास, मोजे काढ बे." मी पाण्याचा तांब्या घेऊन उभीच. हे निमूटपणे मोजे काढायचे. मग भास्करभाऊ त्यांचा एकेक पाय मांडीवर घेऊन टाच, तळवा, बोटांच्या बेचक्या सगळं निरखायचे. "तोंड खोटं बोलते वहिनी, पाय नाई बोलत," असं मला समजावून झालं की मग पाणी प्यायचे.

फौजेत जोडीदाराला बडी म्हणतात. हे दोघं कमांडोच्या निवडीसाठी एकाच वेळी गेले आणि तिथे त्यांची जोडी लावली गेली. त्या काळाला ते प्रोबेशन म्हणत. तिथे पाय गेला की माणूस गेला, म्हणून जरा थांबायला मिळालं की एकमेकांचे पाय बघायचे, असा नियम. प्रोबेशन संपलं, नोकरी संपली, दोघांची पोटं सुटली, तरी आमच्या ओसरीवर हा नियम चालूच राहिला.

स्पष्टच सांगते, माझी जळफळ व्हायची. याच्यापेक्षा सवत परवडली, तिच्याशी भांडता तरी येतं. या माणसाशी काय भांडणार? येताना माझ्यासाठी शेतातली मेथी आणायचा, माझं पिठलं नावाजून खायचा. माझा नवरा महिनाभरात माझ्याशी जेवढं बोलत नाही, तेवढं तासाभरात त्याच्याशी बोलायचा. दोघं खो खो हसत बसलेले असायचे आणि मी चहा घेऊन गेले की एकदम गप्प. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

प्रोबेशनात काय झालं, हे यांनी मला कधी सांगितलं नाही. फार खोदून विचारलं तर "चाललो, लय चाललो," एवढंच. जे कळलं ते भास्करभाऊंकडून. परदेशातल्या फौजांबरोबर सराव करायला ते जाऊन आले होते आणि जिथे गेले तिथल्या जवानांना एकच विचारून आले होते, तुमच्याकडे कसं असतं? हे बाहेर गेलेले असले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून शेंगा सोलत ते मला सगळं सांगायचे.

"अमेरिकेत थंडगार समुद्रात हातात हात गुंतवून निजवतात, वहिनी. काठावर एक घंटा टांगेल असते. सोसलं नाई की वाजवायची, अन् घरी जायचं. इंग्रजाचं न्यारंच. कोनी वरडत नाई, शिवी देत नाई. पाठीवर ओझं देते, डोंगर दाखवते, किती वेळात यायचं तेई सांगत नाई. मानूस आपल्याच मनानं खचते."

"अन् सगळ्यात कठीण कोन्या देशाचं?"

"ज्याचं त्याले. पन तैवानचं आयकून माह्या अंगावर काटा आला. टोकदार दगडावरून उघड्या अंगानं सरपटत नेतात. अन् घरचे लोक बाजूले उभे राहून पाहतात."

"घरचे? बायकाई?"

"हाव. मायबाप, बायका, सारे. रडतात, हाका मारतात."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. त्या बायकांना रडू येत असेल, पण त्यांना दिसलं तरी. हे प्रोबेशनात होते तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझा नवरा कुठे, कशातून जातो आहे, मला काही ठाऊक नव्हतं. ते सगळं या शेंगा सोलणाऱ्या माणसाने पाहिलं होतं.

एकदा असंच बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं. "झोप नसली की भास होतात. एकाले झाडात आपली म्हैस दिसली, धार काढाले बसला होता तो. विलासले तर माह्यात तुमी दिसल्या."

"मी? मंग काय बोलले ते?"

भास्करभाऊंनी टरफलं गोळा करायला घेतली. "सोडा ना वहिनी. जुनी गोष्ट झाली."

रात्री यांना विचारलं. "मले काई आठवत नाई," म्हणाले, आणि ते खरंच असावं. म्हणजे माझा नवरा माझं नाव घेऊन जे बोलला, ते ना त्याच्याजवळ होतं, ना माझ्याजवळ. होतं ते एकट्या भास्करभाऊंजवळ. त्यानंतर ते येत, तेव्हा तेव्हा मी विचारायची आणि ते विषय बदलायचे.

पोटाच्या दुखण्याने त्यांना चिखलीच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा आम्ही दोघं गेलो. माणूस पार वाळून गेला होता. "विलास, चहा आन बे मले," म्हणून त्यांनी यांना बाहेर धाडलं आणि मला जवळ बसवलं.

"तुमी दिसल्या त्या दिवशी माह्यं पाऊल उचलत नव्हतं, वहिनी. म्या ठरवलं होतं, पुढच्या वळनावर सांगतो, मले घरी धाडा. तेवढ्यात विलास म्हने, 'शोभा, थकली काय वं? दे इकडं.' अन् माह्यं ओझं काढून आपल्या ओझ्यावर घेतलं. टेकडीच्या त्या बाजूले पाहनारं कोनी नव्हतं. दुसऱ्याचं ओझं उचललं की दोघंई बाद, म्हनून बोललो नाई कधी. टेकडी उतरेपर्यंत बोलून राह्यला होता. दिवाळीले तुले माहेरी नेतो म्हने, तुह्या हातच्या भाकरीसारखी भाकर नाई म्हने. म्या नुसता हो हो करत गेलो. तुमच्या नावावर पास झालो म्या."

माणूस मरणाला टेकलेला, आणि मी त्याचा हेवा करत होते. बाळंतपणाला माहेरी गेले ती भावाबरोबर. स्टँडवर यांनी कधी माझी पिशवी धरली नाही. भाकरीला तर कधी बरी म्हटलं नाही. जे मी ऐकायचं, ते हा ऐकून बसला होता.

"मंग इतके वर्षं काऊन नाई सांगितलं? आता तर नोकरीई संपली."

भास्करभाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुमचंच होतं ते. पन देववत नव्हतं," म्हणाले. "मले असं कोनी बोललंच नाई वहिनी कधी."

मी त्यांचा हात हातात घेतला. तेवढ्यात हे चहा घेऊन आले आणि आम्ही दोघं गप्प झालो.

आठवड्याच्या आत भास्करभाऊ गेले. अंत्यविधी आटोपून परतताना एसटीत हे खिडकीशी बसले. मग एकदम म्हणाले, "मले चहाले धाडून काय बोलला तो तुह्याजवळ?"

"काई नाई."

मेहकरचा स्टँड मागे गेला. "माह्याबद्दल होतं काय?"

मी तिकिटं पिशवीत ठेवली.

"शोभा, सांग ना वं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे रडून लाल झाले होते, आणि त्या डोळ्यांत आणखीही काही होतं. ते मी इतकी वर्षं आरशात पाहत आले होते. सांगेन मी त्यांना. पण इतक्यात नाही.