घोड्याच्या घरातला वजीर

अण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्याकडून हरलेला डाव पुन्हा पटावर मांडून बसलो होतो.

अण्णा माझे चुलतभाऊ, भोंगवलीचे. भोरच्या तालुका स्पर्धेत शेवटचा डाव आम्हा दोघांतच पडला. जिंकेल तो पुण्याला जिल्ह्याच्या फेरीत खेळणार. जन्मभर देवळाच्या मंडपात खेळलेल्या अण्णांना एकदा तालुक्याबाहेर खेळायचं होतं. छातीच्या दुखण्यामुळे पुढच्या वर्षाची खात्री नव्हती. त्या डावासाठी भोरला जाताना एसटीतच त्यांनी बजावलं, "मुद्दाम हारलास तर घरात घ्यायचो न्हाई." मला हरायचं नव्हतंच.

पांढरी मोहरी त्यांची. नेहमीप्रमाणे वजिरापुढचं प्यादं आधी हललं. मंडपातला आमचा जुना नियम असा, की प्यादं शेवटच्या ज्या घरात पोचेल, त्या घराचाच मोहरा मिळतो. वजीर हवा तर हेच प्यादं सांभाळून न्यायचं. स्पर्धेत मात्र प्यादं कुठेही पोचलं तरी वजीर घेता येतो. हे मला पाठ होतं...

दुपार कलली. ते प्यादं शेवटून दुसऱ्या घरात येऊन थांबलं, त्याला अण्णांच्या राजाचा आधार. मी माझा राजा त्याच्यापुढे, वजिराच्या घरात रोवला. अण्णा घामाने भिजले होते. डावीकडे त्यांचं दुसरं एक प्यादं घोड्याच्या घराच्या तोंडाशी आलं. माझा हत्ती ते अडवू शकला असता. मी हिशेब केला : पोचलं तरी घोडा, किंमत तीन. येऊ दे. हत्तीनं मी पलीकडचं एक प्यादं मारलं.

अण्णांनी प्यादं शेवटच्या घरात नेलं आणि तिथे वजीर ठेवला.

"अण्णा, घोड्याचं घर हाय ते!" मी ओरडलोच. पंच हसले. माझ्या राजाला शह होता आणि हलायला एकही घर नव्हतं.

"मधू, हिशेब तुझा बराबर असतोय," अण्णा धापा टाकत म्हणाले, "पर भाव जुना लावलास."

पुण्याची फेरी त्यांना गाठता आली नाही. नियमाप्रमाणे ती जागा आता उपविजेत्याची, म्हणजे माझी. नियम वाचून खात्री केली, तरी वहिनींना विचारायला गेलो.

"जावा की भावजी," त्या म्हणाल्या. "पर ह्यांच्यावानी खेळाया जाऊ नगा. तुमास्नी न्हाई जमायचं."

काल मी नाव दिलं.