वहिनीने शोधलेला पहिला भाग

आमच्या वहिनीला कुठलीही गोष्ट मधून सुरू केलेली चालत नसे. टीव्हीवरची मालिका लागून पाच मिनिटं झाली असतील, तर ती त्या दिवशी बघायचीच नाही. पदराला हात पुसत आल्या पावली स्वयंपाकघरात परत जायची. घरात कुणी भांडणाची हकीकत सांगू लागलं, की गॅस बारीक करून बाहेर यायची आणि म्हणायची, "पहिल्यापासून सांगा." सांगणाऱ्याचा निम्मा राग पहिल्यापासून सांगण्यातच निघून जाई. आई म्हणे, पोरगी गुणाची आहे. मला ते ऐकवत नसे.

ती आमच्या घरी आली तेव्हा मी दहावीला होते. दादा माझ्याहून बराच मोठा. नांदेडला वजिराबादेत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. वहिनी औसा तालुक्यातल्या एका खेड्यातली. भूकंपात घर गेलं, घरातलं कुणी उरलं नाही, औशाच्या एका लांबच्या मामांनी तिला वाढवलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. विहारात लग्न लागलं त्याच दिवशी आईने मला बाजूला घेऊन बजावलं, की तिला तिकडचं काही विचारायचं नाही. मी कशाला विचारते? मला तिच्याशी बोलायचंच नव्हतं.

कारण साधं होतं. दादा आणि मी एक गेम खेळायचो. खाणीच्या भुयारांतून चालत जायचं आणि समोर येईल त्याला, माणूस असो की कुत्रं, गोळी घालायची. त्या काळी नांदेडातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्या पोराकडे तो होता. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक, म्हणून आम्ही त्याला नुसतं 'खाण' म्हणायचो. एकाच की-बोर्डवर आम्ही दोघं बसत असू. चालवायचं दादाने, गोळी मारायची मी. तो वळायच्या आधीच मला कळायचं, की आता वळणार. दुकानात येणारी पोरं बघत उभी राहायची. लग्नानंतर महिन्याभरात एका दुपारी मी शाळेतून दुकानात गेले, तर माझ्या स्टुलावर वहिनी बसली होती आणि गोळ्या ती मारत होती. दादा म्हणाला, "चिमे, बघ, पहिल्याच दिवशी हिनं कुत्री पाडली." मी दप्तरसुद्धा खाली ठेवलं नाही.

त्या गेमच्या नावापुढे तीनचा आकडा होता, हे सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं होतं. ही गोष्ट मी आजही सांगते, कारण पुढे ती कुणी सांगितली नाही. तीन आहे म्हणजे एक आणि दोन कुठेतरी असणार. दुसरा भाग दादाने हैदराबादेहून मिळवला. पहिला मात्र कुणीच पाहिला नव्हता. सीडी विकणारे म्हणत, असा काही भाग नाहीच. दादाने कॉम्प्युटरच्या मासिकांना पत्रं लिहिली, नेट कॅफेत बसून परदेशातल्या लोकांना विचारलं. तेही म्हणत, नाव ऐकलंय, बघितला कुणीच नाही. तो शोध आमच्या दोघांचा होता. बाकी काही गेलं तरी तो आपलाच, असं मला वाटायचं.

वहिनी रोज गोळ्या मारू लागली आणि अर्थातच एके दिवशी तिने विचारलं, "ह्याचा पहिला कुठं हाय?" दादाने तिला सगळी कहाणी सांगितली, तीसुद्धा माझ्यादेखत. ऐकता ऐकता ती गेम सुरू होण्याआधीचं चित्र पुन्हा पुन्हा लावून पाहत राहिली. आधी काळोख, मग खाणकामगाराच्या टोपीवरचा दिवा तीनदा लुकलुकतो, मग नाव येतं. ती म्हणाली, "हे दिवा लुकलुकायचं मी बघितलेलं हाय. लहानपणी."

मी हसले. ज्या खेड्यात तिचं लहानपण गेलं तिथे कॉम्प्युटर कुठला, असं मी बोलून दाखवलं. दादाही हसला. वहिनीने वाद घातला नाही. "असंल," म्हणाली आणि उठून गेली.

दहावीला मार्क चांगले पडले आणि मला लातूरला धाडण्यात आलं. तेव्हा आमच्याकडची हुशार पोरं लातूरलाच जायची. एका खोलीत चौघी, मेसचा डबा, सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास आणि रविवारी टेस्ट. आठवड्यातून एकदा मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून घरी फोन करायचे. दादा आधी अभ्यासाचं विचारायचा आणि मग, राहवत नसल्यासारखा, वहिनी कितव्या भुयारात पोचली ते सांगायचा. खोलीतल्या मुली आईच्या आठवणीने रडायच्या. मी भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडून त्या स्टुलाचा विचार करत बसायचे.

दिवाळीनंतर दादाचा फोन आला. वहिनी मामांकडे औशाला गेली असताना तिने एकटीनेच चौकशी केली होती. आम्ही इतकी वर्षं गेम शोधला. तिने कॉम्प्युटर शोधला. भूकंपानंतर तिच्या गावात घरं बांधायला एक संस्था आली होती. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं ऑफिस होतं आणि तिथे एक जुना कॉम्प्युटर होता. संस्था जाताना तो औशाच्या एका शाळेला देऊन गेली. तो तिथे अजून आहे, असं तिला कळलं होतं. "रविवारी टेस्ट झाली की तयार राहा, आम्ही तुला घ्यायला येतो," दादा म्हणाला. तो पेपर मी कसा लिहिला, मला आठवत नाही. मनातून मला वाटत होतं, की तिथे काही सापडू नये.

शाळेच्या सामानाच्या खोलीत नकाशांच्या गुंडाळ्यांमागे तो कॉम्प्युटर टेबलक्लॉथखाली झाकून ठेवलेला होता. शेजारी प्लास्टिकच्या डबीत जुन्या, तळहाताएवढ्या फ्लॉप्या. तिथले सर म्हणाले, आल्यापासून कुणी लावला नाही, बघा चालला तर. दादाने तो उघडला, धूळ पुसली, बरोबर आणलेला वीजपुरवठ्याचा डबा जोडला आणि एकेक फ्लॉपी घालून बघू लागला. कशात हिशेब, कशात घरांचे नकाशे. मग एका फ्लॉपीने बराच वेळ खरखर केली, हिरव्या अक्षरांचा पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात एक ठिपका तीनदा लुकलुकला.

दादाने खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस चिमे. तीनचा आकडा तूच पाहिला होतास." त्या क्षणी मी वहिनीकडे पाहिलं नाही. मुद्दामच.

मी बसले. भुयारं वरून दिसत होती, रेघांची. मधे एवढासा माणूस. मी गोळीचं बटण दाबलं. काही झालं नाही. दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. इतकी वर्षं ज्या बोटाने मी सरसर मारत आले, ते बोट नुसतं आपटत राहिलं.

"त्याच्याकडं बंदूक न्हाई," वहिनी मागून म्हणाली.

दादाने विचारलं, मग करायचं काय?

"खाण पडलेली हाय. खाली माणसं हायत. ह्यानं त्यांना काढायचं." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "ताई, त्या दगडापाशी थांबवा. जरा थांबा. हां, आता ऐकू येईल."

बारीक टकटक ऐकू आली, दगडावर कुणी आतून वाजवावं तशी. मी खुर्चीतून उठले. कुणी उठ म्हटलं नव्हतं. वहिनी बसली आणि एकही चूक न करता तिने तो माणूस बाहेर काढला, मग दुसरा काढला. काढता काढता ती बोलत होती, पडद्याकडे बघतच. संस्थेतला एक पोरगा दुपारच्या सुट्टीत हे खेळायचा. ती शेडच्या खिडकीशी उभी राहायची. एकदा त्याला कळलं, की ही कुठल्या घरातली. त्याने घाईघाईने कॉम्प्युटर बंद केला. "मी म्हणलं, बंद नका करू. अजून एक काढा. मग तो रोज मला बोलवायचा. आमच्याकडं कुणाला काढता आलं न्हाई. हितं निघायचे."

दादाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. सर खोलीतून निघून गेले होते. त्या वेळी माझ्या मनात दया यायला हवी होती, आणि ती आलीही. पण तिच्या बरोबरीने दुसरंही काही आलं. ज्या गेमला मी माझा म्हणत होते, त्यावर तिचा असा हक्क निघाला होता, की माझ्याने भांडताही येईना. परतताना ती दोघं जीपमध्ये शेजारी बसली आणि मी लातूरला स्टँडवर एकटी उतरले.

दादाने त्या फ्लॉपीची नक्कल करून घेतली आणि नेटवर कळवलं, की पहिला भाग सापडला आहे आणि तो गोळीबाराचा नाहीच. कुठकुठल्या देशांतून लोकांनी त्याला लिहिलं. त्याने प्रत्येकाला उत्तर दिलं, की माझ्या बायकोने शोधला. ते खरंच होतं. प्रिंट काढून आणलेलं एक पत्र आईने मला सुट्टीत मोठ्या कौतुकाने दाखवलं. त्यात वहिनीचं नाव इंग्रजीत चुकीचं लिहिलं होतं, तेवढ्यानेही मला जरा बरं वाटलं.

त्याच पत्रव्यवहारातून ओळख निघाली आणि दादाला हैदराबादेत नोकरी लागली. दुकान विकलं. मी तोवर बारावी होऊन नांदेडलाच फार्मसीला आले होते. जिच्यासाठी परत आले, ती दादाशेजारची जागाच आता गावात राहणार नव्हती.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. दादा आईबाबांना सूचना देत होता. वहिनी खिडकीशी बसली होती. तिने मला जवळ बोलावलं. गाडीच्या गजांतून माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "तुम्हाला माझा राग येतो. मला ठाऊक हाय. पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तिने हात दाबला.

"येऊ द्या. मला पण तुमचा हेवा वाटतो, लई वाटतो. तुम्ही लहानपणी कशा रडायच्या, कुठं पडला, काय बोलायच्या, हे रोज मला सांगत असतात तुमचे दादा. मी लहानपणी कशी होते, ते सांगणारं एक माणूस राहिलं न्हाई. मी काय पण सांगितलं तरी लोकांना ते खरं मानावं लागतं, चुकलीस म्हणायला कुणी न्हाई."

एवढ्यात शिट्टी झाली. दादा धावत येऊन दारात चढला आणि दांडीला धरून आम्हाला हात हलवू लागला. आई त्याच्या डब्यासोबत चालू लागली. मीही चालत होते, पण त्याच्याकडे बघत नव्हते. खिडकी पुढे जाईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.