जैरो आदागालाचा मनाई हुकूम

जैरो आदागाला माणूस वाईट नव्हता, पण हट्टी असा की विचारू नका. चहाच्या कारखान्यात तीस वर्षं वजनकाट्यावर उभा राहिला आणि पाला खुडणाऱ्या बायकांना कधी पाव किलोसुद्धा सोडला नाही. निवृत्त झाल्यावर वजन करायला काही उरलं नाही, तेव्हा हा पठ्ठ्या जमीन मोजायला निघाला.

केनियात आमच्या मारागोलीच्या टेकड्यांवर माणसं दाट आणि जमीन हातरुमालाएवढी. जैरोच्या बापाला दोन बायका होत्या. त्यानं दोन एकरांचा तुकडा दोन्ही घरांत तोंडी वाटून दिला आणि कागदावर काही न करता मरून गेला. जैरोनं पावलं टाकून पाहिली. धाकट्या घराकडे नऊ पावलं जास्त! सावत्र भाऊ एझेकिया म्हणाला, "बापानं दिलंय. तू कोण मोजणारा?"

झालं! आधी वकिलाची नोटीस गेली. उत्तर आलं नाही, म्हणून दावा दाखल झाला. समन्स घेऊन आलेल्या बेलिफाला एझेकिया दोनदा घरी सापडलाच नाही, तिसऱ्या खेपेला केळीच्या बागेत वाकून बसलेला सापडला. मग त्यानंही कैफियत दिली आणि वर उलट दावा ठोकला.

त्याच सुमारास एझेकियाची आई, म्हणजे जैरोची धाकटी आई, अंथरुणाला खिळली आणि जैरोला त्या नऊ पावलांत खणलेली कबर दिसू लागली. आमच्याकडे ज्या मातीत आपलं माणूस पुरलं ती माती त्या घराची. मग दहा कागद नाचवा, कबरीपुढे कोण वाचतो? तो तडक वकील लिमोकडे गेला.

"मनाई हुकूम मागा साहेब. भिंत नको, कुंपण नको आणि पुरणं तर मुळीच नको. हे नीट लिहा."

"मग तो सगळ्या जमिनीला लागेल हं. तुमच्या घराखालच्यासुद्धा. दोन्ही बाजूंना."

"लागू द्या की! मला कुठं कुणाला पुरायचंय?"

हुकूम मिळाला. तीन आठवड्यांत म्हातारी गेली. गावचा सरकारी चीफ कागद घेऊन एझेकियाच्या अंगणात उभा राहिला आणि खड्डा खणायला आलेली माणसं फावडी खांद्यावर टाकून परत गेली. म्हातारीला शेवटी जावयाच्या शेतात पुरलं. जावयाच्या! आई मेल्यावर जैरोला हिनंच भरवून वाढवलं होतं. जैरोची बायको मिनायो त्या दिवशी जेवली नाही.

"माती दिली असतीत तर काय बिघडलं असतं?"

"दावा बिघडला असता," जैरो म्हणाला.

पुढं नुसत्या तारखा. कागदांच्या याद्या झाल्या, साक्षीदारांचे जबाब लिहून झाले, कशावर भांडायचं ते मुद्दे ठरायलाच दोन वर्षं गेली. एकदा न्यायाधीश बदलून गेले, एकदा फाईल सापडेना. जैरो इस्त्रीचा कोट घालून मटाटूच्या खचाखच गाडीत चढायचा आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन यायचा. बाजारातल्या बायका हसायच्या, "काय जैरो, निकाल आणलास की तारीखच?"

सातव्या वर्षी मिनायो घेवड्याच्या शेंगा सोलता सोलता बसल्या जागी गेली.

चीफ परत आला. "तुमचाच हुकूम आहे बाबा. मी काय करू?"

लिमोनं तातडीचा अर्ज लावला. न्यायाधीशबाईंनी फाईल चाळली आणि विचारलं, "पुरायची मनाई कुणी मागितली होती?" लिमोनं जैरोकडे बोट केलं. "दोघांची लेखी संमती आणा, आत्ता हुकूम बदलते. नाहीतर समोरच्यांना उत्तराची मुदत द्यावी लागेल."

मिनायो शवागारात, आणि जैरो मुलीला, कादेन्यीला, घेऊन एझेकियाच्या दारात.

"ये दादा. सात वर्षांनी वाट सापडली होय?"

"सही दे."

"देतो की. तू दावा मागं घे, मीही माझा घेतो, आणि इथंच सही करतो. हद्द बापानं ठेवली तशी राहू दे."

"घ्या ना बाबा मागं," कादेन्यी रडत म्हणाली. "आईसाठी."

"साक्षी संपत आल्यात. आता हरलो म्हणून सांगू?"

"हरलो म्हणा! आई तिथं थंड कपाटात पडलीय!"

जैरो उठला आणि चालू लागला. अरे, उठवलं कसं तुला! बेचाळीस वर्षं जिच्या हातची मक्याची उगाली खाल्लीस, ती नऊ पावलांपेक्षा हलकी भरली?

एझेकियानं उत्तराची मुदत पुरेपूर वापरली. शवागारवाले थांबेनात. मिनायोला नगरपालिकेच्या दफनभूमीत पुरलं, जिथं बेवारस पुरतात. आमच्यातलं कुणी तिथं पाय ठेवत नाही. चर्चच्या सहा बायका आल्या, एक गाणं म्हणून निघून गेल्या.

दीड वर्षानं निकाल लागला. जैरो जिंकला. नऊच्या नऊ पावलं त्याची. लिमोनं त्याचा हात जोरजोरात हलवला.

"आता तिला घरी आणतो," जैरो म्हणाला.

"त्याला वेगळा अर्ज लागतो. आणि एझेकियानं आजच अपिलाची नोटीस दिलीय. अपील संपेपर्यंत मनाई तशीच ठेवायला सांगितलंय कोर्टानं."

"किती वर्षं?"

लिमोला दुसऱ्या कोर्टात जायचं होतं. तो घाईनं गेला.

जैरो कोर्टाच्या पायरीवर बसला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पोरासारखा हमसाहमशी रडला. मग कोटाच्या बाहीनं तोंड पुसून सोबत आलेल्या कादेन्यीला म्हणाला, "चुलीत जाऊ दे ती जमीन. मी गेलो की मला तिच्या शेजारी पूर."

कादेन्यीनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"शेजारी जागा नाही बाबा. ती रांग त्याच महिन्यात भरली. मी तेव्हाच विचारून आले होते, तुमच्यासाठी."