पल्पमध्ये गोल काय आणि चपटं काय!

आमच्या युनिटमधले किस्से कुणी सांगायला बसत नाही, ते चपलेला चिकटून घरी येतात. स्ट्रॉबेरीच्या रसासारखे! कितीही पाय पुसा, उंबऱ्यात एखादा उमटतोच.

पाचगणीच्या थोडं अलीकडे आमचं पल्प युनिट. मी सांगलीची, सासर वाईचं. फूड टेक्नॉलॉजीची पदवी आहे आणि दीड वर्षाची ईरा आहे. क्वालिटीला मला घेतलं ते एका सीझनपुरतं. मॅनेजर जाधव सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "सीझन संपला की हेड ऑफिस ठरवंल. तुमाला ठेवायचं, का पुण्यातनं माणूस धाडायचा."

सर फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, कोरेगावकडचे. फिरवून बोलणं माहीत नाही. आणि मला तर नोकरी हवीच होती. ईरा झोपेतून उठायच्या आत निघून दिवेलागणीला घरी पोचता येईल अशी माझ्या शिक्षणाची दुसरी नोकरी आसपास नव्हती. म्हणून ठरवलं, एकही चूक होऊ द्यायची नाही.

तिथूनच चुकायला लागलं.

*

पहिल्याच दिवशी मी बेल्टपाशी उभी राहून गोल स्ट्रॉबेरी वेगळी, चपटी वेगळी, वाकडी वेगळी करायला लावली. पाऊण तास! बाहेर टेम्पोंची रांग लागली, क्रेटमधून रस ठिबकायला लागला.

सॉर्टिंगच्या बायकांमध्ये सुशीलामावशी सगळ्यांत जुन्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "आवं मॅडम, ह्यास्नी बघायला पावनं येनार हायत व्हय?"

"का हो मावशी?"

"न्हाई, फुडं धा फुटावर मशिन हाय. तितं समद्यांचा लगदाच हुतोय!"

*

मग मी स्वच्छतेचा तक्ता केला. चौसष्ट रकाने. ग्लोव्हज, टोपी, नखं, फरशी, पाण्याचं क्लोरीन... मला स्वतःलाच तो इतका आवडला की लॅमिनेट करावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तक्ता पूर्ण भरलेला! संध्याकाळच्या धुलाईलासुद्धा टिक.

"मावशी, संध्याकाळची फरशी सकाळीच धुतली?"

"न्हाई हो. पर संध्याकाळी हात वल्लं असत्यात, कागूद भिजतोय. म्हणून आदीच आटपून घेतलं."

सरांनी तक्ता हातात घेऊन वरपासून खालपर्यंत बघितला. "मॅडम, आमच्याकडं अख्ख्या चौकीची आर्डर पोस्टकार्डावर मावायची."

आता सात रकाने आहेत. सातही खरे असतात.

*

जेवणाच्या सुट्टीत मी घरी फोन करते. एकदाच. (बरं, तीनदा.) एकदा ईराचं अंग जरा कोमट वाटत होतं, म्हणून सासूबाईंना विचारलं, "आई, ताप किती आहे? नव्व्याण्णव पॉइंट किती?"

"अगं, थर्मामीटर घेऊन तीच पळतेय," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "सापडली की सांगते!"

फोन स्पीकरवर होता. सॉर्टिंगच्या बायका अजून मला बघितलं की विचारतात, "सापडली का वो?"

*

फेब्रुवारीत एका आइस्क्रीमवाल्याची ऑर्डर होती. त्याच्या शेड कार्डाशी आमचा रंग जुळेना. म्हणजे जुळत होता, पण मला अर्धी छटा फिका दिसत होता. चार ड्रम अडवून मी पाचव्यांदा सॅम्पल बघत बसले. ट्रक उभाच.

सर आले. "ते ह्याचं करनार काय?"

"आइस्क्रीम, सर."

"त्यात दूध घालत्यात का न्हाई?"

"घालतात."

"मग?"

सोडले ड्रम. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी आइस्क्रीमवाल्याचा मेल आला : रंग उत्तम, चव उत्तम. तक्रार एकच, झाकणं इतकी घट्ट आहेत की उघडत नाहीत.

झाकणं मी स्वतः आवळली होती. तीनतीनदा.

*

एवढं झाल्यावर मीही सैल झाले. आणि मार्चमध्ये मावशींच्या केसांतली पिन हरवली.

आत पिन लावून यायचं नाही, हा त्या सात रकान्यांतला एक. त्या दिवशी गडबडीत राहून गेली. लक्षात आल्यावर मावशी आपणहून सांगायला आल्या, तोंड पांढरंफटक. सर शेजारीच होते. मी म्हटलं, "सर, पुढे जाळी आहे. अडकेल तिथे."

सरांनी स्वतः जाऊन बेल्ट बंद केला. "मॅडम, हितं न्हाई चालत."

जाळी उघडली, फरशी शोधली, पिन नाही. तेवढ्या वेळात भरलेले दोन ड्रम खताच्या खड्ड्यात ओतले. संध्याकाळी मावशींच्या टोपीच्या इलॅस्टिकमध्ये पिन सापडली!

मी हळूच म्हटलं, "म्हणजे पल्प चांगलाच होता, सर."

"आता चांगला हुता," सर म्हणाले. "तवा कुणाला ठावं हुतं?"

*

सीझनच्या शेवटच्या आठवड्यात हेड ऑफिसचं पाकीट आलं. सरांनी केबिनमध्ये बोलावून समोर ठेवलं. मी उभ्यानेच वाचलं. "आपणांस दि. ३१ एप्रिलपासून सेवेत कायम करण्यात येत आहे."

पुन्हा वाचलं. मग पत्राआड मूठ आवळून गाठींवर महिने मोजले. जानेवारी गाठीवर, फेब्रुवारी खळग्यात, मार्च गाठीवर, एप्रिल... खळग्यात. दुसऱ्या हातावर मोजलं. तिथेही खळग्यातच!

सांगितलं तर पत्र पुण्याला परत जाणार. तिथे ते कुणाच्या तरी टेबलावर पडणार, तो माणूस पुन्हा पहिल्यापासून वाचणार, आणि वाचता वाचता त्याला दुसरंच काही सुचलं तर?

"काय चुकलंय का मॅडम?"

"नाही सर." मी सही केली.

सरांनी कॉपी घेतली, चष्मा लावून तारखेवरून बोट फिरवलं आणि फाइलीत लावून टाकली.

"बरं हाय की. तुमचं एप्रिल. माझं ३१ नोव्हेंबरचं हाय. अकरा वर्सं झाली."