साक्षीचे खुंट

बहात्तरच्या दुष्काळात कर्जतजवळ रस्त्याच्या कामावर मी हजेरी घेत होतो. सहादेव तिथला मुकादम. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, म्हणून तो मला ‘बीये’ म्हणे.

भरावासाठी माणसं रस्त्याकडेला खणत. खोली मोजता यावी म्हणून खड्ड्यात मातीचे खुंट तसेच ठेवायचे. त्यांना साक्ष म्हणत. मोजणीआधी साक्ष पाडली, तर मुकादम घरी.

पाणी उरलं होतं ते भरावापलीकडच्या डबक्यात. एका पहाटे आम्ही कामावर आलो, तर खड्ड्याच्या काठावर पन्नासेक काळविटं उभी. तोंडं खुंटांकडे. छातीइतके खुंट, माथ्यावर वाळलं गवत. एकही कान हलत नव्हता. आमची चाहूल लागताच कळप गेला.

तिसऱ्या पहाटे काठावर दोन माद्या मेलेल्या होत्या. बाकीची त्यांच्याशेजारी तशीच उभी.

‘दुष्काळात गेलेली मानसं हाईत ती,’ खुंटांकडे बोट करत म्हातारी राहीबाई म्हणाली.

‘आत्ये, तूच खांदलीस की ती!’ सहादेव म्हणाला. पण हसला नाही. मला म्हणाला, ‘हरनांनाबी मानसंच वाटत्यात. पानी दिसतंय, पर जाता येईना.’

‘मोजणी आठवड्यानं आहे.’

‘तवर तान थांबती व्हय, बीये?’

प्रत्येक खुंटाची उंची त्यानं मला लिहायला लावली. मग तीस पावलांच्या पट्ट्यातले खुंट एकट्यानं पाडले. दुसऱ्या कुणाला कुदळ लावू दिली नाही. खड्ड्याचा काठ आणि भराव उतरता केला.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवतानाच ओव्हरसियर आले.

‘हा उतार नकाशात कुठंय?’

‘नकाशात हरनंबी न्हाईत, सायेब.’

‘मग नकाशाबाहेर जा. कारकून, नाव खोडा.’

मी खोडलं. मान वर केली, तर काठावर कळप होता. माणसं कुदळी धरून जागच्या जागी थिजली. जनावरंही थिजली.

‘खाली बसा की समदी!’ सहादेव दबक्या आवाजात म्हणाला. ‘तुमीच खुंट झालाय.’

दोनशे माणसं मातीत बसली. शेवटी ओव्हरसियरही बसले.

काळविटं उतरली, आमच्यामधून भरावावर चढली, पलीकडे गेली. एक मादी माझ्या गुडघ्याला घासून गेली. खुरांखेरीज कसलाच आवाज नव्हता.

ती पाणी पिऊ लागली, तेव्हा सहादेवनं पटका बांधला आणि कर्जतची वाट धरली. बाकी कुणी उठलं नाही.